साडेएकोणीस

सरांनी मला एकदाही नावाने हाक मारली नाही. ज्या गावचा मुलगा, तेच त्याचं नाव. ते हजेरी घेत तेव्हा बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, एसटी स्टँडवर गाड्या पुकारताहेत. वडखळ, कासू, जिते, वाशी. एका गावचे दोघे असले तर थोरला आणि धाकटा. मी मूळचा रोह्याचा, आठवीपासून पेणला मामाकडे शिकायला राहिलेला, म्हणून मी रोहा. पुढे मी रोह्यातच हायस्कूलवर इंग्रजीचा शिक्षक झालो, लग्न झालं, कानाजवळचे केस पिकायला लागले, तरी त्यांच्या ओट्याची पायरी चढताना आतून आवाज यायचा, "रोहा आला का? चपला सरळ काढ."

आता ती हाक मारणारं कोणी नाही. रोह्यात मला रोहा कोण म्हणणार?

सर इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत. इतिहास त्यांना आवडायचा, पण जीव होता तो नागरिकशास्त्रावर. आणि नागरिकशास्त्राला होते वीस मार्क. पुस्तक पातळ, धडे कोरडे, मुलं ते परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचत. "वीस मार्कांचा देश आहे आपला," सर म्हणायचे. रागाने नाही, एखाद्याच्या तब्येतीबद्दल सांगावं तसं.

फेब्रुवारी आला की गणिताचे मास्तर त्यांचा तास मागून घेत. "तुमचं काय, मुलं घरी वाचतील." सर तास देऊन टाकत, आणि मग व्हरांड्यात खडू हातात धरून तास संपेपर्यंत उभे राहत. हेडमास्तरांनी एकदा विचारलं, स्टाफरूममध्ये का बसत नाही? सर म्हणाले, "तास माझा आहे. वर्ग त्यांनी नेलाय."

ते एकटे असले तरी रांगेत उभे राहत. नगरपालिकेच्या खिडकीसमोर दुसरं माणूस नसताना सर तीन पावलं मागे थांबून राहिलेले मी पाहिले आहेत. आतला क्लार्क मान वर करून "या" म्हणेपर्यंत पुढे व्हायचं नाही. दर सोमवारी एक अर्ज. दिव्याच्या खांबाबद्दल, गटाराबद्दल, पाटीवर वाकड्या लिहिलेल्या अक्षरांबद्दल. काम झालं की आभाराचं पत्र. क्लार्क मला म्हणाला होता, "तक्रारीचं काय वाटत नाय ओ, सवय हाय. आभाराचं पत्र आलं की भीती वाटते. कुठं ठेवायचं तेच कळत नाय."

मतदानाच्या दिवशी केंद्रावरचं पहिलं मत सरांचं. एका वर्षी दूधवाला त्यांच्या आधी येऊन उभा राहिला होता.  दुसऱ्या दिवसापासून सरांनी दूध दुसऱ्याकडून घेतलं, ते थेट पुढच्या निवडणुकीपर्यंत.

आणि अर्धा मार्क. नागरिकशास्त्रात त्यांनी कुणालाही वीसपैकी वीस दिले नाहीत. मी दहावीपर्यंत प्रत्येक परीक्षेत पहिला होतो आणि प्रत्येक पेपरावर तांबड्या पेन्सिलीने लिहिलेलं असायचं, साडेएकोणीस. एकदा मी धीर करून विचारलं, "सर, चूक कुठे आहे?"

"चूक नाही."

"मग अर्धा मार्क?"

"तो माझ्याकडे राहू दे. नागरिक पुरा झाला असं मी कोण ठरवणार? राखून ठेवतो. पुढे लागेल."

त्या अर्ध्या मार्कावर मी वीस वर्षं जगलो, असं म्हटलं तर फार होईल, पण खोटं होणार नाही. सर निवृत्त झाले आणि पेणमध्येच एका पापडवाल्या बाईंच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहू लागले. बायकामुलं नव्हती. दर रविवारी मी रोह्याहून सकाळची एसटी धरून त्यांच्याकडे जायचो. वाचनालयातून त्यांच्यासाठी पुस्तक न्यायचं, मागचं परत आणायचं. अंगणात खाटांवर पोह्याचे पापड वाळत असायचे आणि आम्ही ओट्यावर बसून बोलायचो. म्हणजे ते विचारायचे, मी सांगायचो. मी मत मांडायला लागलो की हात वर करून थांबवायचे. "मत नंतर. आधी माहिती काय ती सांग." कौतुक त्यांनी कधी केलं नाही. मला वाटायचं, ते करतच नाहीत. कुणाचंच करत नाहीत, या समजुतीवर माझं बरं चाललं होतं.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं असतील. डिसेंबरातल्या एका रविवारी मी गेलो तर ओट्यावर माझ्या जागेवर एक बाई बसलेली. तिशीच्या आतबाहेरची, अंगात स्वेटर, आणि पेणात स्वेटर लागावा अशी थंडी नव्हती. पायरीवर तिची आई, बोटांच्या पेरांत सुकलेला गुलाबी रंग. सर मला बघून म्हणाले, "रोहा, ही हमरापूर. तुझ्या मागाहूनची. दहावीला नापास झाली होती."

ती हसली. "दोनदा, सर."

हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यातली ती मुलगी. लग्न होऊन अमेरिकेत गेलेली, ग्रीन कार्डवर. तिथलं नागरिक व्हायचं तर एका साहेबासमोर बसून त्या देशाची माहिती इंग्रजीत सांगावी लागते. शंभर प्रश्नांची यादी असते, त्यातले दहाएक विचारतात. ती पहिल्या वेळेला नापास झाली होती. आता एक संधी उरली होती, दोन-अडीच महिन्यांनी. ती गेली तर सगळी फाइल पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे काही वर्षं.

"मला येत होतं सगळं," ती म्हणाली. "पण तो माणूस समोर बसला की जीभ जड होते. सर, ग्रीन कार्डवर आईला बोलावता येत नाही. नागरिक झालं तरच येतं."

आई पायरीवरून म्हणाली, "मला काय अमेरिका बगायची हौस नाय सर. पन हिचे बाबा गेले, मी घरात एकली. गेल्या पावसात पडवीत पडले, तर दुपारपरयंत कुनाला कळला नाय. तवापासून ही तिकडं जेवत नाय नीट. तुमी बगा काय ता."

सरांचं लक्ष हातातल्या यादीच्या झेरॉक्सकडे होतं. त्यांनी ती पानं उलटीसुलटी वाचली. मग माझ्याकडे असा चेहरा करून पाहिलं, जो मी पूर्वी पाहिला नव्हता.

"रोहा, हे बघ. शंभर प्रश्न. सगळे नागरिकशास्त्राचे. गणिताचा एक नाही. आणि नापास झालं तर देशात घेत नाहीत!"

"पण सर," मी म्हणालो, "तो देश आपला नाही."

"विषय तर आपला आहे," सर म्हणाले.

त्या दिवशी वाचनालयाचं पुस्तक मी त्यांच्या हातात न देता खिडकीत ठेवलं. पुढचे दोन महिने ते तिथेच होतं.

मला हेवा वाटत होता, हे मी आज लिहितो आहे. तेव्हा त्याला मी वेगळी नावं देत होतो. ही दहावीला दोनदा नापास झालेली, मी पहिला आलेला. त्या देशाबद्दल मी वाचनालयातलं असेल-नसेल ते सगळं वाचलं होतं. ते शंभरच्या शंभर प्रश्न मी त्या ओट्यावर उभ्या उभ्या सोडवले असते. मला कुणी विचारले नव्हते. माझ्याकडे पासपोर्टही नव्हता. पण खरं तर अमेरिकेचाही प्रश्न नव्हता. रविवारचा होता. ती रोज यायची. रविवारीही.

सरांनी तिला पाठ करू दिलं नाही. यादी स्वतःकडे काढून घेतली. तिला घेऊन ते तहसील कचेरीत गेले, कोर्टात मागच्या बाकावर बसवलं, नगरपालिकेची सभा दाखवली. तिथे क्लार्कने सरांना विचारलं म्हणे, "आज अर्ज नाय?" सर म्हणाले, "आज विद्यार्थी आणलाय." प्रत्येक ठिकाणाहून बाहेर आल्यावर एकच प्रश्न. सरकार तीन ठिकाणी का वाटलं? एकाच्याच हातात दिलं असतं तर काम लवकर झालं नसतं का?  पहिल्या परीक्षेत याच प्रश्नाला तिची जीभ जड झाली होती. यादीतल्या उत्तरात नुसती तीन नावं होती, कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ, आणि ती तिला पाठ होती.

जानेवारीत तिच्या आईने आम्हाला हमरापूरला जेवायला बोलावलं. मी जाणार नव्हतो. सर म्हणाले, "रोहा, तूही चल," म्हणून गेलो. जेवणाआधी तिने कारखाना दाखवला. पांढऱ्या मूर्ती ओळीने मांडलेल्या, काहींना अंगाचा रंग झालेला, डोळे कुणालाच नाहीत. एका कोपऱ्यात तिचे चुलते स्टुलावर बसून डोळ्यांची आखणी करत होते. त्यांच्याभोवती कुणी बोलत नव्हतं.

ती त्यांच्याकडे बघत उभी राहिली आणि एकदम म्हणाली, "सर, ते सरकार असं वाटून दिलंय."

"कसं?"

"साच्यावाला मूर्ती काढतो, की त्याचं काम संपलं. रंगवाले ठरलेला रंग देतात, त्यांना मूर्तीचा हात फिरवता येत नाही. आणि काका डोळे आखतात. ते मूर्ती काढत नाहीत, रंग देत नाहीत. पण तडा दिसला तर डोळे आखत नाहीत. मूर्ती मागे."

"मालक ओरडला तर?"

"ओरडू दे की. डोळ्याशिवाय गणपती कोण नेणार?"

सरांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला, परत काढला. मग हसले. मोठ्याने, दात दिसेपर्यंत. चुलत्यांचा हात थांबला, त्यांनी रागाने पाहिलं, तरी सर हसत होते. "इतकी वर्षं मी हा धडा शिकवला," ते म्हणाले. "इतकी वर्षं. मला हे कुणी सांगितलं नाही."

त्या 'कुणी'मध्ये मी होतो. जेवायला वालाची उसळ होती. मला ती आवडते. त्या दिवशी मी ती ताटाच्या कडेला सारत राहिलो. तिची आई वाढताना म्हणाली, "मास्तर, जेवा की. आमच्या हातचा गोड लागत नाय काय?"

पुढच्या रविवारी ओट्यावर एक पेपर पडलेला. सरांनी तिची लेखी परीक्षा घेतली होती. वर तांबड्या पेन्सिलीने लिहिलं होतं, वीस.

"सर," मी म्हणालो, "अर्धा मार्क?"

"तिला आत्ता लागणार आहे," सर म्हणाले आणि पेपराची घडी घालून तिला दिली.

तिचं जायचं ठरल्यावर सरांनी मला एक काम सांगितलं. माझं इंग्रजी रेडिओ ऐकून तयार झालेलं, सरांचं कोकणातलं. "तू साहेब हो," ते म्हणाले. "तिला तशा बोलण्याची सवय पाहिजे." पापडवाल्या बाईंकडून टेबल आणि दोन खुर्च्या आणल्या. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. समोर ती, पायरीवर तिची आई, दारात सर.

पहिले तीन प्रश्न मी सरळ विचारले. तिने सरळ उत्तरं दिली. सर दारात मान हलवत होते, आणि ते मला दिसत होतं. चौथ्याला मी वेग वाढवला. देशाचा सर्वोच्च कायदा कोणता?

"आय थिंक, द कॉन्स्टिट्यूशन."

"डू यू थिंक, ऑर डू यू नो?"

 मी टेबलावर पेन आपटत राहिलो. मग यादीबाहेरचं विचारलं. तेही तिला कळू नये अशा शब्दांत. तिने "पार्डन?" म्हटलं, तर तेच आणखी भरभर. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. हीच ती जड जीभ, मला कळत होतं. मी फाइल मिटली आणि म्हणालो, "आय ॲम सॉरी. यू हॅव फेल्ड."

"फेल म्हनले ना?" पायरीवरून तिची आई उठली. "काय गो, फेल म्हनले?"

ती रडत नव्हती. तिने स्वेटरची बाही ओढून हातावर घेतली, नुसती. सर म्हणाले, "रोहा, नाक्यावर जाऊन चहा घेऊन ये."

मी गेलो. परत येताना अंगणाच्या कोपऱ्यावर सरांचा आवाज ऐकू आला, म्हणून थांबलो.

"तो घाबरलाय," सर तिला सांगत होते. "परीक्षक घाबरलेला असला की असंच विचारतो. चांगला मुलगा आहे तो, माझा सगळ्यात चांगला. तिकडचा साहेब घाबरलेला नसेल. तू घाबरू नको."

चहाची किटली हातात धरून मी पापडांच्या खाटेमागे उभा राहिलो. वीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते वाक्य मी असं ऐकलं. आणि मला राग आला. तेही तिलाच सांगितलं, मला नाही.

निघताना सरांनी तिला माझा शाळेचा पत्ता लिहून घ्यायला सांगितला. त्या वर्षी सरांचं पोस्टमनशी भांडण चालू होतं, त्यांची पत्रं हटकून उशिरा येत. "निकाल रोह्याला कळव," ते म्हणाले. "हा रविवारी घेऊन येईल." मी पत्ता लिहून दिला. अक्षर चांगलं काढलं.

मार्चअखेरीस पत्र आलं. वार्षिक परीक्षेचा गोंधळ चालू होता, शिपायाने ते उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर आणून ठेवलं. पाकिटावर माझं नाव, आत 'प्रिय सर'. ती पास झाली होती. साहेबाने सहाच प्रश्न विचारले आणि उठून हात मिळवला. तीन भागांचा प्रश्नही आला होता. आपण उत्तर दिल्यावर न विचारताच कारखान्याचं सांगितलं, तर तो पेन ठेवून ऐकत राहिला, असं तिने लिहिलं होतं. शेवटी एक ओळ होती: 'रोह्याच्या सरांना सांगा, तो त्यांच्याइतका कडक नव्हता.'

मी ते तीनदा वाचलं. रविवारी ते पिशवीत घालून पेणला गेलो.

"पत्र?" सरांनी विचारलं.

"नाही, सर."

का, ते मला नीट सांगता येत नाही. त्यांचं ते हसणं मला आठवत होतं. पत्र दिलं की ते पुन्हा तसे हसले असते आणि मला समोर बसून ते पाहावं लागलं असतं. एक रविवार फक्त आमचा होऊ दे, मी मनाशी म्हटलं. पुढच्या वेळी देऊ.

पुढच्या रविवारी त्यांनी विचारलं, "पत्र?" मी म्हणालो, "टपाल लांबून यायचं, सर." त्यांनी मान हलवली. खिडकीतलं ते जुनं पुस्तक आता त्यांच्या हातात होतं, ते पुष्कळ वाचून झालं होतं. आम्ही बोललो, पूर्वीसारखे. मी मत मांडलं तर त्यांनी हात वर केला नाही. ऐकून घेतलं. मला इतका आनंद झाला की रोह्याला परत येताना एसटीत मी खिडकीला डोकं टेकून हसत होतो, आणि पिशवीत पत्र होतं.

तिसऱ्या रविवारी मी पायऱ्या उतरत असताना त्यांनी मागून विचारलं, "रोहा, काही राहिलं का सांगायचं?"

मी चपला घालत होतो. सरळ ठेवलेल्या होत्या. "नाही, सर," मी म्हणालो.

गुरुवारी सकाळी ते गेले. ओट्यावर वर्तमानपत्र वाचता वाचता. पापडवाल्या बाई खाट उचलायला आल्या, त्यांना वाटलं डोळा लागलाय.

तेराव्याला मी पेणला गेलो. सरांच्या पुतण्याने सगळं केलं होतं. नगरपालिकेचा क्लार्क आला होता, दाराबाहेर तीन पावलांवर उभा, कुणी आत बोलावेपर्यंत. दुपारी हमरापूरची ती आई आली. मला कोपऱ्यात बघून माझ्याजवळ येऊन बसली.

"मास्तर, पोरीचा तुमाला समजला असंल ना? पास झाली."

मी मान हलवली.

"मला त्याच रोजी समजला. तिनं बूथवर फोन केलता. मी तशीच पेडं घेऊन आले सरांकडं. ह्याच वट्यावर." ती डोळे पुसत हसली. "दोन पेडं खाल्लं त्यांनी. म्हनले, पोरीनं नाव काडला. मी म्हनलं, रोह्याच्या मास्तरांना बी देते पेडं, रविवारी येतात ना? तर म्हनले, नको. त्याला सांगू नको तुला समजलाय म्हनून. तो पत्र घेऊन यील. त्याच्या तोंडून ऐकायचाय मला."

अंगणात खाटा रिकाम्या होत्या. त्या दिवशी बाईंनी पापड घातले नव्हते.

"आनि काय तरी म्हनले बगा, मला समजला नाय," ती म्हणाली. "त्याचा अर्धा मार्क मी ठेवलाय, पत्र आनलान की देऊन टाकतो. लय खूश होते. अर्धा मार्क म्हंजे काय ओ, मास्तर?"

"विसाला कमी पडतो तो," मी म्हणालो.

"मग दिला का तुमाला?"

पिशवी माझ्या मांडीवर होती. मी पत्र काढलं आणि तिच्या हातात दिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण अक्षर तिने ओळखलं. पाकीट फोडलेलं होतं, कडा मऊ पडल्या होत्या. ती बराच वेळ त्या कडांवरून बोट फिरवत राहिली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पत्र माझ्या मांडीवर परत ठेवलं.